टायबेरियसच्या गालावरील घाव

डॉक्टरने छंद असा धरावा की जो त्याला रुग्णांपासून दूर नेईल, असा सल्ला वडीलधारी मंडळी देतात. माझ्या छंदाने मला पुन्हा तपासणीच्या टेबलापाशीच आणून बसविले. प्राचीन रोमन नाणे ओळखणे म्हणजे निदानच आहे. आणि निदानात चुकायचे तसा मी त्यातही चुकलो आहे.

आपल्या हैदराबादकरांना त्यासाठी रोमला जावे लागत नाही. नलगोंडा जिल्ह्यातील अक्कनपल्ली येथे दीड हजारांवर रोमन चांदीची नाणी एकाच ठेव्यात सापडली. मिरी, मोती आणि तलम वस्त्रे यांचे हे मोल. भारत दरवर्षी आपले पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी तक्रार पहिल्या शतकात प्लिनीने लिहून ठेवली आहे. चार सेस्टर्सचा एक डिनेरियस. म्हणजे सव्वा कोटी डिनेरियस!

या डिनेरियसपैकी भारतात सापडतात ते बहुतांशी ऑगस्टस आणि टायबेरियस यांचेच. इ. स. ६४ मध्ये नीरोने नाण्याचे वजन आणि चांदीचा कस दोन्ही घटविले. आपल्याकडील व्यापाऱ्यांनी जुन्या, शुद्ध नाण्यांनाच पसंती दिली असावी, असे अभ्यासक मानतात.

टायबेरियसचे नाणे ओळखायला सोपे. दर्शनी बाजूस उजवीकडे पाहणारे, पर्णमुकुट घातलेले मस्तक; भोवती ‘दिव्य ऑगस्टसचा पुत्र’ या अर्थाचा संक्षिप्त लॅटिन लेख. मागे आसनस्थ स्त्री, आणि ‘पाँटिफ मॅक्सिम’, म्हणजे प्रमुख धर्माधिकारी, ही अक्षरे. लेखात ‘यू’ऐवजी ‘व्ही’ असतो, याची सवय करून घ्यावी लागते. वजन पावणेचार ग्रॅमच्या आसपास; झिजलेले असल्यास थोडे कमी.

माझे पहिले नाणे या सर्व कसोट्यांना उतरले होते. लेख अचूक, मुद्रा रेखीव, वजनही जवळपास बरोबर. विक्रेत्याला मी ते कोठून आले एवढेच विचारले नाही. पुढे एका जाणत्या संग्राहकाने ते भिंगाखाली धरून कडेवरील बारीक सांधा आणि पृष्ठभागावरील सूक्ष्म छिद्रे दाखविली. रोमन टांकसाळीत तापविलेल्या चकतीवर ठसा हाणून नाणे पाडीत. माझे साच्यात ओतलेले होते. ‘हिस्टरी’ न घेता निदान केल्याबद्दल मी विद्यार्थ्यांना किती वेळा झापले असेन!

त्यानंतर काही वर्षांनी एक वृद्ध शेतकरी रक्तदाब तपासण्यास आला. टेबलावरील भिंग पाहून त्याने कनवटीची पुरचुंडी सोडली. आत टायबेरियस होता, गालावर छिन्नीचा आडवा घाव असलेला. सराफाने याच घावासाठी भाव पाडला होता. पुदुकोट्टैजवळ १८९८ मध्ये सापडलेल्या ५०१ सुवर्णनाण्यांपैकी बहुतेकांवर असाच घाव आहे; चांदीच्या काही नाण्यांवरही तो आढळतो. आत तांबे आहे काय हे पाहण्यासाठी, की परक्या राजाचे नाणे चलनातून बाद करण्यासाठी, यावर विद्वानांचे एकमत नाही. माझ्या दृष्टीने मात्र तो घाव त्या नाण्याची भारतातील हिस्टरी होता.

विहीर खणताना मडक्यात बारा सापडली, म्हणाला. अकरा आटवली, नातीच्या पैंजणांसाठी.

मी कायदा सांगितला. १८७८ च्या अधिनियमानुसार जमिनीत सापडलेले दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. त्याचा चेहरा उतरला. वाढलेला रक्तदाब मी पुन्हा मोजला, तेव्हा तो आणखी वर गेला होता. सोबत येतो, असेही मी म्हणालो. त्याने नाणे पुन्हा फडक्यात गुंडाळले, गोळ्यांची चिठ्ठी घेतली आणि ‘विचार करून सांगतो, डॉक्टरसाहेब’ म्हणून गेला. महिन्याने तपासणीस बोलावले होते. तो आला नाही.

मडके कोणत्या गावचे, हेही मी त्या गडबडीत विचारले नव्हते.