वेगवान मोटारीचा विश्वासू कारागीर

तंबोऱ्याची खुंटी तार सुरांत येईपर्यंत पिळावी लागते. त्यापुढें एक पीळ अधिक दिला कीं तार तुटते. वेगवान मोटारीचें ट्यूनिंग हें याच जातीचें काम आहे. भेद इतकाच, कीं तार तुटल्यास दुसरी चढवितां येते. पिस्टन वितळला तर सारें इंजिन उघडावें लागतें. म्हणून शक्ति किती वाढवावी यापेक्षां मोटार कोणाच्या हातीं द्यावी, हा प्रश्न आधींचा होय.

आजच्या टर्बो इंजिनांत इंधन किती सोडावें, ठिणगी केव्हां पाडावी आणि हवेचा दाब किती ठेवावा, हें एक लहानसा संगणक ठरवितो. ट्यूनर त्याच्या आज्ञावलींत फेरफार करतो. ठिणगी फार लवकर पडली किंवा दाब फार वाढला, तर सिलिंडरांतील न जळलेलें मिश्रण आपोआप भडकतें. यालाच नॉकिंग म्हणतात. १०० ऑक्टेनच्या पेट्रोलसाठीं जुळविलेली आज्ञावली ९५ ऑक्टेनवर चालविल्यास हाच धोका संभवतो. म्हणून मालक रोज कोणतें पेट्रोल भरतो, हें जो आधीं विचारतो तो जाणता कारागीर. ही पहिली खूण.

दुसरी खूण मोजमापाची. विश्वासू गॅरेज फेरफारापूर्वीं व नंतर गाडी एकाच डायनामोमीटरवर चालवून दोन्ही आलेख मालकाला देतें. निरनिराळ्या यंत्रांवरील आकड्यांची तुलना करण्यांत अर्थ नसतो. केवळ अश्वशक्तीचा आलेखहि पुरेसा नव्हे. हवा व इंधन यांचें प्रमाण आणि नॉकिंगची नोंद पाहावी. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यास वजनानें १४.७ पट हवा लागते. परंतु टर्बो इंजिनावर पूर्ण भार असतां हें प्रमाण सामान्यतः बाराच्या आसपास आणून उष्णता आवरतात. मूळ आज्ञावलीची प्रत जपून ठेवली जाते काय, हेंहि विचारावें.

तिसरी खूण नकाराची. झिजलेला क्लच किंवा जीर्ण ब्रेक पाहून जो काम थांबवितो, तो गिऱ्हाईक गमावण्यास भीत नाहीं. बोरघाट उतरतांना वाढीव अश्वशक्ति नव्हे, ब्रेकच कुटुंबाला सुखरूप खालीं आणतात.

कायद्याची गोष्टहि प्रामाणिक कारागीर लपवीत नाहीं. उत्पादकानें मुळांत दिलेल्या तपशिलाशीं नोंदणी-दाखला विसंगत ठरेल असा बदल १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम करूं देत नाहीं. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तेंच उचलून धरलें. फेरफारामुळें कंपनीची हमी जाऊं शकते, आणि विमा कंपनीला न कळविलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या आड येऊं शकतो.

मोठा आकडा, थोडा खर्च आणि तासाभरांत काम, असें वचन जेथें मोजमापाआधींच मिळतें, तेथून मोटारीची किल्ली परत घ्यावी, हेंच शहाणपणाचें.