शुद्धिस्थान म्हणजे काय?

दरवर्षी २ नोव्हेंबरला वसईच्या ख्रिस्ती दफनभूमींत गर्दी असते. कबरी झाडूनपुसून त्यांवर फुलं ठेवतात, मेणबत्त्या लावतात. फादर प्रार्थना करून पवित्र पाणी शिंपडतात. मेलेल्या माणसासाठी आता प्रार्थना करून काय साधणार, असं कुणी विचारेल. उत्तर कॅथलिक श्रद्धेत आहे.

या श्रद्धेत पुनर्जन्म नाही. माणूस एकदाच जगतो, एकदाच मरतो, आणि मरताक्षणी त्याच्या आत्म्याचा न्याय होतो. न्यायानंतरचे स्वर्ग आणि नरक सर्वांना ठाऊक असतात. गैरसमज होतो तो शुद्धिस्थानाबद्दल. ते म्हणजे छोटी शिक्षा भोगायची नरकाची धाकटी शाखा नव्हे, की राहून गेलेला पश्चात्ताप करायची दुसरी संधीही नव्हे. देवाच्या कृपेत मेलेला, पण पुरता निर्मळ न झालेला आत्मा तिथे शुद्ध होतो आणि पुढे स्वर्गातच जातो. जिवंतांची प्रार्थना, मिस्सा (चर्चमधली उपासना) आणि दानधर्म त्याला साहाय्य करतात. प्रोटेस्टंटांना हे मान्य नाही. ट्रेंट इथल्या कॅथलिक धर्मसभेने मात्र १५६३ मध्ये ही शिकवण ठामपणे मांडली. २ नोव्हेंबरची प्रथा त्याहून जुनी, फ्रान्समधल्या क्लूनी मठाचे प्रमुख ओदिलो यांच्या काळातली.

जगाच्या अंती देहाचंही पुनरुत्थान होईल, ही श्रद्धा असल्यामुळे चर्चचा कल दफनाकडे आहे. दहनाला १९६३ पासून परवानगी आहे, पण चर्चच्या २०१६ च्या सूचनेनुसार अस्थी नदीत वा समुद्रात सोडता येत नाहीत. त्या दफनभूमीसारख्या पवित्र जागी ठेवायच्या असतात.