झाकण किती घट्ट?

घरी बिअर करायला नव्याने शिकणाऱ्याला पहिली काळजी लागते ती झाकणाची. माल्ट आणि हॉप्स उकळून गोड पाणी तयार झालं, ते गार करून त्यात यीस्ट सोडलं. आता ही वीसेक लिटरची बादली बंद कशी करायची? घट्ट लावली तर फुटेल, सैल ठेवली तर नासेल. दोन्ही भीती खऱ्या आहेत. मात्र दोन्ही एकाच वेळी तितक्याच खऱ्या नसतात. सुरुवातीला धोका फुटण्याचा असतो, शेवटी नासण्याचा. हे ध्यानात आलं की झाकणाचं सगळं शास्त्र उलगडतं.

हा छंद मुख्यतः इंग्लंड-अमेरिकेत रुजला. इंग्लंडमध्ये 1880 च्या कायद्याने घरगुती बिअरला परवाना लागू झाला, तो 1963 मध्ये रद्द झाला. अमेरिकेतली दारूबंदी 1933 मध्ये उठली, तरी घरची बिअर बेकायदाच राहिली. 14 ऑक्टोबर 1978 रोजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी विधेयकावर सही केली आणि एकट्या प्रौढाला घरच्या वापरासाठी वर्षाला 100 गॅलन, म्हणजे सुमारे 378 लिटर बिअर करायची मुभा मिळाली. अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांनी त्यासाठी 2013 साल उजाडू दिलं. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे. त्यामुळे इथल्या वाचकांनी हे माहिती म्हणून वाचावं आणि परदेशी राहणाऱ्यांनी आधी तिथला कायदा पाहावा.

वायू किती?

यीस्ट साखर खातं तेव्हा साखरेच्या वजनाचा साधारण निम्मा भाग अल्कोहोल होतो आणि जवळपास तितकाच कार्बन डायऑक्साइड. पावणेपाच टक्के अल्कोहोलची 20 लिटर बिअर तयार होताना सुमारे 700 ग्रॅम वायू निघतो. खोलीच्या तापमानाला तो साडेतीनशे लिटरहून जास्त जागा व्यापतो. थोडा बिअरमध्ये विरघळून राहतो, बाकीच्याला वाट हवी. वाट मिळाली नाही तर झाकण उडतं, आणि भांडं काचेचं असेल तर फुटून माणूस जखमी होतो.

ही वाट म्हणजे एअरलॉक. झाकणाच्या भोकात रबरी बूच आणि बुचात बसवलेली प्लॅस्टिकची छोटी वळणदार नळी. नळीला दोन फुगे असतात आणि ते निम्मे पाण्याने भरलेले असतात. आत दाब वाढला की एका बाजूचं पाणी खाली दबतं, दुसऱ्या बाजूचं चढतं. पातळीत पुरेसा फरक पडला की एक बुडबुडा वळणावरून निसटतो आणि पाणी पुन्हा जागेवर येतं. वायू बाहेर जातो, पण धूळ, चिलटं आणि हवेतले जंतू पाण्यापाशीच अडतात. लुई पाश्चर यांनी 1860 च्या सुमाराला हंसाच्या मानेसारख्या वाकड्या नळीच्या चंबूंनी दाखवून दिलं होतं, की हवा आत आली तरी जंतू वळणात अडकले तर आतला रस नासत नाही. बिअरवरचा त्यांचा ग्रंथ 1876 मध्ये प्रसिद्ध झाला.

पहिले दिवस: वाट मोकळी

पहिल्या दोन-तीन दिवसांत यीस्टला जोर चढतो. वर पिवळट पांढरा दाट फेस येतो, त्यात हॉप्सचा तपकिरी चोथा असतो. हा फेस एअरलॉकमध्ये शिरला की नळी तुंबते आणि दाब आतच साठतो. म्हणून भांड्याचा पाचवा-चौथा भाग रिकामा ठेवावा. त्यातूनही फेस उसळला तर एअरलॉक काढून तिथे बोटभर जाड नळी बसवावी आणि तिचं दुसरं टोक निर्जंतुक द्रवाच्या भांड्यात बुडवावं.

या काळात झाकण नुसतं टेकवलेलं असलं तरी फारसं बिघडत नाही, कारण वायूचा लोट सतत बाहेरच येत असतो. इंग्लंडमध्ये टॅडकास्टरच्या सॅम्युएल स्मिथ ब्रुअरीत आजही पाटीच्या दगडाच्या चौकोनी टाक्यांत, यॉर्कशायरच्या जुन्या पद्धतीने बिअर आंबवली जाते. ब्रुसेल्सच्या आसपास लांबिक बिअर करणारे पिंपाचं बूच पहिला उसळता जोर ओसरेपर्यंत उघडं ठेवतात, मग पक्कं ठोकतात.

नंतर: आत हवा नको

जोर ओसरला की बाहेर येणारा लोट थांबतो आणि खरी राखण तिथून सुरू होते. कार्बन डायऑक्साइड जड, म्हणून तो बिअरवर पांघरुणासारखा पडून राहतो, असा अनेकांचा समज आहे. तो चुकीचा आहे. वायू एकमेकांत मिसळतात, आणि फट असली तर प्राणवायू आत पोचतोच. यीस्ट टाकण्यापूर्वी हाच प्राणवायू हवा असतो. यीस्टला वाढायला तो लागतो, म्हणून गोड पाणी घुसळतात. आंबून झाल्यावर मात्र तो शत्रू. त्याने बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते, आणि हवेवर जगणारे जीवाणू अल्कोहोलचं व्हिनेगर करतात. प्लॅस्टिकच्या बादलीतूनही तो हळूहळू झिरपतो, म्हणून महिनोन्‌महिने मुरवायची बिअर काचेत किंवा स्टीलमध्ये ठेवतात.

गार करतानाही जपावं लागतं. बाटल्या भरण्याआधी भांडं थंडीत ठेवलं की आतला वायू आकुंचन पावतो, शिवाय थंड बिअर तो जास्त शोषते, आणि एअरलॉकमधलं पाणी उलटं आत ओढलं जातं. त्यासाठी पाण्याऐवजी व्होडका भरतात, किंवा तेवढ्यापुरतं घट्ट बूच लावतात. मात्र भांडं पुन्हा तापणार असेल तर ते बूच आधी काढायचं.

बुडबुडे थांबले म्हणजे?

एअरलॉक गप्प दिसला की नवखे घाबरतात. बऱ्याचदा दोष यीस्टचा नसतो. बादलीच्या झाकणाची रबरी रिंग नीट बसलेली नसते आणि वायू कडेने निसटत असतो. गॅसच्या नळीची गळती पाहतात तसं कडेला साबणाचं पाणी लावलं की फट कुठे आहे ते कळतं. उलट, आंबणं संपल्यावरही खोली तापली की बुडबुडे येतात. म्हणून बुडबुड्यांच्या भरवशावर निर्णय घेऊ नये. हायड्रोमीटर काही डॉलरला मिळतो. द्रवात साखर किती उरली याचा अंदाज तोच देतो.

हे सांगायचं कारण बाटलीत आहे. बिअर फसफसावी म्हणून भरताना लिटरला सहा-सात ग्रॅम साखर घालतात आणि मग झाकण पूर्ण बंद करतात. तिथे एअरलॉक नसतो. आधीची साखर संपलेली नसेल, तर ही बंद बाटली स्फोटासारखी फुटते. हायड्रोमीटरचं माप लागोपाठ तीन दिवस तेच येईपर्यंत बाटलीला झाकण लावू नका. घाई करून एक दिवसही वाचत नाही, आणि काच डोळ्यात गेली तर ते नुकसान भरून येत नाही.