प्रशिक्षकाचे मोल कोणत्या मापाने मोजावे?

चंद्रकांत पंडित हे नाव कसोटी क्रिकेटच्या नोंदींत शोधू गेल्यास फारसे काही हाती लागत नाही. १९८६ साली इंग्लंडमध्ये लीड्स येथे पदार्पण आणि १९९२ पर्यंत अवघे ५ कसोटी व ३६ एकदिवसीय सामने, एवढीच त्या कारकिर्दीची व्याप्ती. किरण मोरे यांच्यासारखा यष्टिरक्षक समकालीन असल्यावर दुसऱ्याच्या वाट्याला प्रतीक्षाच अधिक येणार, हे उघड आहे. परंतु रणजी करंडकाच्या इतिहासात याच पंडितांचे स्थान असाधारण आहे. प्रशिक्षक म्हणून त्यांनी मुंबईला तीनदा, विदर्भाला दोनदा आणि मध्य प्रदेशाला एकदा अजिंक्यपद मिळवून दिले.

यश संघाचे की प्रशिक्षकाचे, हा प्रश्न येथे उपस्थित होतो आणि तो रास्त आहे. मुंबईजवळ गुणवत्तेची वाण कधीच नव्हती. विदर्भाजवळही जामठ्याचे मैदान आणि अकादमी पंडितांच्या आगमनापूर्वीच होती. शिवाय वासिम जाफर यांचा अनुभव दिमतीला होता. रजनीश गुरबानी यांनी अंतिम सामन्यात हॅट्ट्रिक साधली ती स्वतःच्या मनगटाच्या जोरावर. तथापि विदर्भाने त्याआधीच्या साठ वर्षांत एकदाही अंतिम फेरी गाठली नव्हती, आणि पंडित आल्यावर सलग दोन हंगामांत करंडक जिंकला. साधनसामग्री असणे आणि तिचा पूर्ण उपयोग होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्यांमधील अंतर शिस्त, सराव आणि आत्मविश्वास यांनीच भरून निघते.

या संदर्भात मुंबईचे उदाहरण बोधप्रद आहे. पंडितांच्या मार्गदर्शनाखाली मुंबई २०१६ मध्ये विजेती व २०१७ मध्ये उपविजेती ठरली. त्यानंतर तिने प्रशिक्षक बदलला. आणि लगेचच्या हंगामात पंडितांचा विदर्भ विजेता झाला. मुंबईला पुढील करंडकासाठी २०२४ पर्यंत थांबावे लागले. केवळ प्रशिक्षक बदलल्यामुळेच हे घडले असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु अंतिम सामन्यातील पराभव हेच अपयशाचे माप मानण्याची घाई किती महाग पडू शकते, याचा विचार संघटनांनी अवश्य करावा.

२०२२ मध्ये मध्य प्रदेशाने बंगळुरूला मुंबईचाच ६ गडी राखून पराभव केला. त्याच मैदानावर १९९९ साली मध्य प्रदेशाचे कर्णधार असताना, पहिल्या डावात आघाडी घेऊनही, पंडितांना अंतिम सामना गमवावा लागला होता. तेवीस वर्षांनी ते ऋण फिटले.

त्यांची शिस्त सर्वांनाच रुचली असे नाही. कोलकाता नाइट रायडर्सच्या एका परदेशी खेळाडूने तिच्याविषयी जाहीर नाराजी व्यक्त केली होती. तोच संघ २०२४ मध्ये आयपीएल विजेता ठरला हे खरे असले, तरी प्रौढ व्यावसायिक खेळाडूंना किती धाकात ठेवावे, हा प्रश्न त्याने निकाली निघत नाही.

प्रशिक्षकाची खरी परीक्षा तो निघून गेल्यावर होते. पंडितांनी निरोप घेतल्यानंतरही विदर्भाने २०२४ मध्ये अंतिम फेरी गाठली आणि २०२५ मध्ये तिसऱ्यांदा करंडक जिंकला. या यशाचे श्रेय अर्थातच नव्या खेळाडूंचे आणि नव्या प्रशिक्षकांचे. परंतु आपण जिंकू शकतो, हा विश्वास एकदा रुजला की तो माणसाबरोबर निघून जात नाही. हंगामाच्या ताळेबंदात न दिसणारे हे भांडवल ओळखणाऱ्या संघटनाच पुढे दीर्घकाळ जिंकत राहतील.