किती वॉट पुरेत? ट्यूब अ‍ॅम्पविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

चांगला ट्यूब अ‍ॅम्प घ्यायचा म्हणजे मोठा खर्च, कित्येकदा गिटारपेक्षाही मोठा. तरी या खरेदीचा निर्णय बहुतेक वेळा ऐकीव माहितीवर होतो. कुणी सांगतं, शंभर वॉटशिवाय रॉक वाजत नाही. कुणी सांगतं, ट्यूब दर महिन्याला जातात. अशा सल्ल्यांवर विसंबून घेतलेला अवजड अ‍ॅम्प दोन-चार कार्यक्रमांनंतर घरातच राहतो आणि वादक हॉलवर मिळेल त्या अ‍ॅम्पवर वाजवू लागतो. पब, कॉलेजचे महोत्सव, छोटी सभागृहं अशा ठिकाणी नेमाने वाजवणाऱ्या रॉक गिटारवादकाला एका हाताने उचलता येईल असा, मोजक्या बटणांचा, १५ ते २२ वॉटचा ट्यूब अ‍ॅम्प पुरतो, असं माझं ठाम मत आहे. त्यामागची कारणं प्रचलित गैरसमजांच्या क्रमाने पाहू.

गैरसमज १ : स्टेजवर वाजवायचं तर शंभर वॉट हवेतच.

वस्तुस्थिती : ही गरज १९६०च्या दशकातली आहे. तेव्हा सभागृहातली ध्वनियंत्रणा जेमतेम गायकाच्या आवाजापुरती असे. गिटारचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत न्यायचं काम अ‍ॅम्पलाच करावं लागे. १५ ऑगस्ट १९६५ रोजी बीटल्सनी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये ५५ हजारांहून अधिक श्रोत्यांपुढे वाजवलं, तेव्हा त्यांच्यासाठी व्हॉक्स कंपनीचे १०० वॉटचे अ‍ॅम्प होते. त्याच सुमारास लंडनमध्ये ‘द हू’च्या पीट टाउनशेंडच्या आग्रहातून जिम मार्शल यांच्या कारखान्यात १०० वॉटचा मार्शल आकाराला आला.

आज अ‍ॅम्पच्या स्पीकरपुढे शुअर एसएम५७सारखा माईक लावतात आणि श्रोत्यांपर्यंतचा आवाज साउंड सिस्टिम पोचवते. अ‍ॅम्पकडे दोन कामं उरतात : सुरेल, दमदार टोन तयार करणं आणि ड्रमच्या बाजूला उभ्या असलेल्या वादकाला तो नीट ऐकू येणं. नील यंगचं उदाहरण बोलकं आहे. त्याच्या आवाजाच्या मुळाशी १९५९चा फेंडर डीलक्स आहे. दोन ६व्ही६ ट्यूब आणि जेमतेम १५ वॉटच्या आसपासची ताकद असलेला हा छोटा अ‍ॅम्प त्याने मोठमोठ्या स्टेजवर वापरला. १९७८च्या ‘रस्ट नेव्हर स्लीप्स’ दौऱ्यात त्याच्यामागे दिसणारे राक्षसी अ‍ॅम्प हा निव्वळ नेपथ्याचा भाग होता.

गैरसमज २ : शंभर वॉट म्हणजे पन्नास वॉटच्या दुप्पट आवाज.

वस्तुस्थिती : वॉट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. हा फरक कानाला कळतो, पण तो मोठा नाही. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबल वाढ लागते आणि त्यासाठी ताकद दहापट करावी लागते. म्हणजे २० वॉटचा अ‍ॅम्प १०० वॉटच्या तुलनेत फक्त ७ डेसिबल मागे असतो.

इथे स्पीकरकडे लक्ष द्यायला हवं, कारण खरेदीच्या वेळी त्याचा विचार क्वचितच होतो. प्रत्येक स्पीकरची संवेदनशीलता त्याच्या माहितीपत्रकात दिलेली असते : एक वॉट दिल्यावर एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज मिळतो ते. ९७ डेसिबलचा स्पीकर काढून १०० डेसिबलचा बसवला, तर तेवढ्याच अ‍ॅम्पमधून वॉट दुप्पट केल्याइतका आवाज मिळतो. अ‍ॅम्प बदलण्याआधी स्पीकर बदलून पाहणं कितीतरी स्वस्त पडतं.

आपल्या कानांसाठीही हेच गणित महत्त्वाचं आहे. अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या कामगार-आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास सुरक्षित आहे. त्यापुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होत जाते आणि १०० डेसिबलला ती १५ मिनिटांवर येते. ऐकण्याची शक्ती एकदा गेली की परत येत नाही.

गैरसमज ३ : ट्यूबचा वॉट ट्रान्झिस्टरच्या वॉटपेक्षा मोठा असतो.

वस्तुस्थिती : वॉट दोन्हीकडे सारखाच. फरक आहे तो मर्यादा ओलांडल्यावरच्या वागण्यात. ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प मर्यादेबाहेर गेला की ध्वनिलहरीचे माथे एकदम कापले जातात आणि आवाज कर्कश होतो, म्हणून वादक त्याला मर्यादेच्या बराच आत ठेवतो. ट्यूबमध्ये ते माथे हळूहळू गोलावतात, आवाज भरीव आणि किंचित दाबल्यासारखा होतो. रॉक गिटारला हाच आवाज हवा असतो, म्हणून ट्यूब अ‍ॅम्पची सगळी ताकद वापरता येते. कागदावर लिहिलेले वॉट बहुधा आवाज स्वच्छ असेपर्यंतचे असतात. विकृती येऊ दिली की त्याच अ‍ॅम्पमधून थोडी अधिक ताकद निघते. म्हणून २० वॉटचा ट्यूब अ‍ॅम्प बँडमध्ये आकड्यावरून वाटतो त्यापेक्षा दणकट ठरतो.

गैरसमज ४ : मग पाच वॉटसुद्धा पुरतील.

वस्तुस्थिती : फेंडरचा चॅम्प एकाच ६व्ही६ पॉवर ट्यूबवर चालतो आणि सुमारे ५ वॉट देतो. स्टुडिओत अशा अ‍ॅम्पने मोठमोठी कामं केली आहेत. १९७०च्या ‘लैला’ या अल्बमच्या ध्वनिमुद्रणात एरिक क्लॅप्टनने चॅम्प वापरला होता. पण जोरकस ड्रमरच्या शेजारी ५ वॉटमधून स्वच्छ आवाज मिळणं अवघड. ड्रमच्या बरोबरीला येण्याआधीच तो फाटतो. कायम फाटकाच आवाज हवा असेल आणि मॉनिटरची खात्री असेल तरच हा मार्ग धरावा. अनोळखी हॉलमध्ये मॉनिटरचा भरवसा नसतो, म्हणून १५ वॉट ही मी किमान पायरी मानतो.

‘अ‍ॅम्प ऐकूच येत नाही’ या तक्रारीचं कारण मात्र अनेकदा वेगळंच असतं. १२ इंची स्पीकरमधले तीव्र स्वर सरळ रेषेत पुढे जातात. अ‍ॅम्प जमिनीवर असेल तर ते वादकाच्या गुडघ्यांवर आदळतात आणि पहिल्या रांगेतल्या श्रोत्याचे कान किटतात. अ‍ॅम्प खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलता करा. आवाज न वाढवता तो तुम्हाला स्पष्ट ऐकू येईल.

गैरसमज ५ : बटणं जितकी जास्त तितका अ‍ॅम्प सरस.

वस्तुस्थिती : नील यंगच्या त्या जुन्या डीलक्सवर दोन व्हॉल्यूम आणि एक टोन एवढीच बटणं आहेत. २००६मध्ये आलेल्या ऑरेंजच्या टायनी टेररवर तीनच : गेन, टोन आणि व्हॉल्यूम. शिवाय १५ आणि ७ वॉटमध्ये निवड करायचा एक स्विच. या अ‍ॅम्पने छोट्या, पिशवीत मावणाऱ्या ट्यूब हेडची लाटच आणली. एका संध्याकाळी चार बँड वाजणार असतील तर साउंड चेकला हाती मिनिटं मोजकी असतात. तीन बटणं त्या वेळात लागतात, बारा लागत नाहीत. स्वच्छ आणि फाटका आवाज यांतली ये-जा गिटारच्या व्हॉल्यूमवरून करता येते आणि ती सवय वादकाचा हातही घडवते. रिव्हर्ब किंवा डिले हवा असेल तर पेडल आहेतच. भाग कमी, म्हणून बिघाडाच्या जागाही कमी.

गैरसमज ६ : ट्यूब अ‍ॅम्प जड असणारच.

वस्तुस्थिती : वजन ट्यूबचं नसतं. ते ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडाचं, स्पीकरच्या चुंबकाचं आणि लाकडी खोक्याचं असतं. वॉट वाढले की लोखंड वाढतं. फेंडरचेच तीन अ‍ॅम्प घ्या. ८५ वॉटचा, दोन स्पीकरचा ट्विन रिव्हर्ब साधारण २९ किलो भरतो, २२ वॉटचा डीलक्स रिव्हर्ब १९ आणि १५ वॉटचा ब्लूज ज्युनियर १४. पहिल्या दोघांत वॉटच्या हिशेबाने फरक जेमतेम ६ डेसिबलचा, पण वजनात १० किलोंचा. छोटं ट्यूब हेड तर सहा किलोंच्या आसपासही मिळतं. त्याला एका स्पीकरचं वेगळं कॅबिनेट जोडलं की दोन्ही हातांत भार वाटला जातो. निओडिमियम चुंबकाचे स्पीकर आणखी दोन-तीन किलो वाचवतात. लोकलने, एसटीने किंवा रिक्षाने प्रवास करणाऱ्या वादकासाठी हे किलो टोनइतकेच महत्त्वाचे आहेत.

गैरसमज ७ : ट्यूब नाजूक असतात, सतत बदलाव्या लागतात.

वस्तुस्थिती : आपल्याकडच्या जुन्या घरांमध्ये व्हॉल्व्हचे रेडिओ वर्षानुवर्षं रोज चालत. ट्यूब म्हणजे तेच व्हॉल्व्ह. ईसीसी८३सारख्या छोट्या प्रीअ‍ॅम्प ट्यूब अनेक वर्षं टिकतात. पॉवर ट्यूबवर ताण जास्त असतो, त्यामुळे नेमाने वाजवणाऱ्याला त्या वर्षा-दोन वर्षांनी बदलाव्या लागू शकतात. कार्यक्रम संपल्यावर अ‍ॅम्प थंड होऊ द्या आणि मगच हलवा. तापलेल्या ट्यूबला धक्के सोसत नाहीत. ईएल८४, ६व्ही६, ईएल३४ अशा सर्रास मिळणाऱ्या ट्यूब लागणारा अ‍ॅम्प निवडा. स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये त्या आजही बनतात. पिशवीत एक ईसीसी८३, पॉवर ट्यूबची एक जोडी आणि योग्य मापाचे फ्यूज ठेवा. कॅथोड-बायस पद्धतीच्या अ‍ॅम्पमध्ये पॉवर ट्यूब बदलल्यावर सहसा जुळवणी करावी लागत नाही. फिक्स्ड-बायस अ‍ॅम्पमध्ये ती जाणकाराकडून तपासून घ्यावी. खरेदीपूर्वी ही एक गोष्ट जरूर विचारा.

अ‍ॅम्प खरोखर मरतो तो स्पीकर न जोडता चालवल्यामुळे. त्यात आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो आणि ती सर्वात महागडी दुरुस्ती आहे. हेड आणि कॅबिनेट जोडायला स्पीकरचीच केबल वापरा, गिटारची नको. आणि अ‍ॅम्प स्वतः उघडू नका. प्लग काढल्यानंतरही आतल्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट टिकून राहू शकतात. तो झटका जीवघेणा असतो.

गैरसमज ८ : अमेरिकेहून आणलेला अ‍ॅम्प पिन बदलली की इथे चालतो.

वस्तुस्थिती : अमेरिकेत वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. पिनचा अडॅप्टर फक्त आकार बदलतो, व्होल्टेज नाही. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावला तर अ‍ॅम्प चालतो, पण काही किलोंचं ओझं वाढतं. शिवाय केवळ ६० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर जास्त तापू शकतो. नातेवाइकांकडून मागवायचाच असेल तर २३० व्होल्टचं मॉडेल मागवा.

अर्थिंगची पिन मात्र कधीही कापू नका, मग आवाजात कितीही गुणगुण येत असो. ‘स्टोन द क्रोज’चा गिटारवादक लेस हार्वी ३ मे १९७२ रोजी स्वान्सीच्या स्टेजवर अर्थिंग नसलेल्या माईकचा धक्का बसून गेला. जनरेटरवर चालणाऱ्या मांडवात किंवा मैदानात वाजवण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. यात संकोच नको.

दुकानात जाताना स्वतःची गिटार न्या. अ‍ॅम्प स्टेजवर वाजतो तेवढ्या आवाजात ऐका, कारण खोलीतल्या हलक्या आवाजावरून काहीच ठरत नाही. जमलं तर आपल्या ड्रमरलाही सोबत न्या. मग अ‍ॅम्प उचलून एक मजला चढून पाहा. चढता आला, ड्रमपुढे टिकला, त्याच्या ट्यूब आणि दुरुस्ती तुमच्या शहरात मिळत असेल, तर तोच घ्या. उरलेले पैसे चांगल्या स्पीकरवर आणि कानांच्या प्लगवर खर्च करा.