किरणोपचार आणि रुग्णाचा सोबती

कर्करोगाचे निदान झाले म्हणजे घरातील सर्वांचे लक्ष प्रथम शस्त्रक्रियेकडे लागते. बोलभाषेत ज्याला ‘लाईट देणे’ किंवा ‘शेक’ म्हणतात, तो किरणोपचार मात्र दुय्यम मानला जातो. वस्तुतः कुटुंबाची खरी कसोटी तेथेच लागते. शस्त्रक्रिया एका दिवसाची असते; किरणोपचार बहुधा आठवड्यातून पाच दिवस, असे कित्येकदा पाच ते सात आठवडे चालतात. काही रोगांत आता हा काळ तीन आठवड्यांवर आला आहे. खटाव तालुक्यातील औंधसारख्या गावच्या रुग्णाला त्यासाठी सातारा, कराड वा मिरज गाठावे लागते. 1941 साली परळ येथे सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयाकडेही अनेक जण जातात.

किरणांची मात्रा रोज थोडी थोडी देण्यामागे शास्त्र आहे. दोन मात्रांमधील अवधीत निरोगी पेशी आपली हानी बऱ्याच अंशी भरून काढतात. कर्कपेशींना ते तितकेसे साधत नाही. पण मध्ये खंड पडला, तर उरलेल्या कर्कपेशींना पुन्हा वाढण्यास अवसर मिळतो. म्हणून ज्वारीची काढणी किंवा यमाईची यात्रा आली की चार दिवस घरी जाऊन येऊ, हा विचार घातक ठरतो. मुखाच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगात तर हे विशेष कटाक्षाने पाळावे लागते. रोजची पाळी न चुकविणे, हे सोबत्याचे पहिले काम होय.

प्रत्यक्ष उपचार काही मिनिटांचा असतो व त्या वेळी वेदना होत नाहीत. रुग्ण खोलीत एकटा असतो. तंत्रज्ञ बाहेरून पडद्यावर त्याच्याकडे लक्ष ठेवतात. या एकटेपणाची धास्ती पहिल्या दिवशी अनेकांना वाटते. ही माहिती आधी दिली, तर ती पुष्कळ कमी होते.

याहून मोठी भीती घरात असते. रुग्णाच्या अंगातून किरण बाहेर पडतात, या समजुतीने त्याचे ताट-वाटी वेगळी काढली जाते, नातवंडांना जवळ जाऊ दिले जात नाही. बाहेरील यंत्राने दिलेल्या उपचाराने रुग्ण किरणोत्सर्गी होत नाही. त्याच्या शेजारी बसावे, जेवावे, मुलांनी मांडीवर बसावे. कोणालाही अपाय नाही. थायरॉइडसाठी दिलेले किरणोत्सर्गी आयोडीन व शरीरात बसविलेली काही किरणद्रव्ये यांना मात्र वेगळे नियम आहेत आणि ते रुग्णालय समजावून सांगते. शिक्षकांनी एवढी एक गोष्ट मुलांमार्फत घरोघरी पोहोचविली, तरी कितीतरी रुग्णांचा अकारण वनवास टळेल.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून थकवा येतो, उपचाराच्या जागची त्वचा काळवंडते. तेथे हळद, सुवासिक तेल वा घरगुती लेप लावू नये. गरम शेक किंवा बर्फही नको. सैल सुती कपडे वापरावेत व अंगावर काढलेल्या खुणा पुसू देऊ नयेत. मुखाच्या उपचारात तोंड येते, गिळणे कठीण होते. अशा वेळी पेज, मऊ भात, मुगाचे वरण, अंडे, नाचणीचे सत्त्व असे तिखटविरहित अन्न थोडे थोडे, वारंवार द्यावे. तंबाखू पूर्ण बंद. ताप आला, पाणीही गिळेना वा वजन झपाट्याने उतरू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे.

इतके दिवस एकाच माणसाने हे सारे निभावणे अशक्यप्राय असते. शेत, जनावरे, शाळेत जाणारी मुले यांकडे मागे कोणीतरी पाहावे लागते. 1939 साली औंध संस्थानात बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी प्रजेला स्वराज्य देऊन गावचा कारभार पंचायतींकडे सोपविला होता. अशा गावी सोबत्यांच्या पाळ्या लावणे पंचायत सदस्यांना अवघड जाऊ नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किरणोपचारांचा समावेश आहे; तिची कागदपत्रे निघण्यापूर्वीच तयार असावीत. रेल्वे प्रवासात रुग्णास व सोबत्यास सवलत मिळते, ती रुग्णालयाच्या दाखल्यावर. मुंबईत दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा अशा कुटुंबांना आसरा देते.

शेवटची मात्रा झाली की त्रास लगेच थांबत नाही. पुढील एक-दोन आठवडे तो उलट वाढल्यासारखा वाटतो व मग हळूहळू ओसरतो. हे ठाऊक नसल्याने उपचार वाया गेला, असे समजून काही जण पुढील तपासणीस जातच नाहीत. तपासणीची तारीख लिहून घेतल्याखेरीज सोबत्याने रुग्णाला घेऊन गावाकडच्या गाडीत बसू नये.