पानफुटीची रात्रपाळी

खांदा कॉलनीत पावसाळ्यात दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. परतीचा पाऊस गेला की मात्र जूनपर्यंत कोरडं. वाळवंट इथून खूप दूर आहे, पण कोरड सोसण्याच्या त्याच्या युक्त्या आपल्या गॅलरीतही दिसतात.

कुंडीतली पानफुटी पाहा. ही मूळची मादागास्करची. पान जाड, रसाळ, म्हणजे पाण्याची टाकीच. पण टाकी भरण्याइतकंच गळती थांबवणंही महत्त्वाचं.

अन्न तयार करायला झाडाला हवेतला कार्बन डायऑक्साइड लागतो. तो पानांवरच्या सूक्ष्म पर्णरंध्रांतून आत येतो. जास्वंद ही दारं दिवसा उघडते, कारण ऊन तेव्हाच असतं. पण दार उघडलं की आतलं पाणीही वाफ होऊन निघून जातं. पानफुटी दारं उघडते ती मुख्यतः रात्री. हवा गार आणि दमट असल्यानं तेव्हा पाणी कमी उडतं. रात्री घेतलेला वायू ती मॅलिक आम्लाच्या रूपात पेशींमध्ये साठवते. दिवस वर आला की दारं बंद होतात, आम्लातून वायू पुन्हा मोकळा होतो आणि उन्हाच्या बळावर त्याची साखर बनते.

म्हणून हे पान सकाळी आंबट असतं आणि दिवसभरात त्याचा आंबटपणा उतरतो. बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञानं भारतात राहून हे चाखून पाहिलं. त्याची नोंद १८१५ मध्ये प्रसिद्ध झाली. आपण मात्र चाखू नये, कारण या पानात विषारी द्रव्यंही असतात. पहाटे आणि संध्याकाळी एकेक पान चुरडून रसाला पीएच कागद लावला, तरी फरक कळतो. निवडुंग, कोरफड आणि अननसही याच पद्धतीनं जगतात. रात्रीची साठवण मर्यादित असल्यानं अशी झाडं बहुधा सावकाश वाढतात.

पळस आणि काटेसावर यांचा मार्ग वेगळा. कोरड्या दिवसांत ती पानंच गाळतात. पाणी उडायला जागाच उरत नाही, आणि उघड्या फांद्यांवरची फुलं पाखरांना लांबून दिसतात.

आता गॅलरीच्या भिंतीवरची पाल. तिच्या काळ्या विष्ठेच्या टोकाला पांढरा ठिपका असतो. ते यूरिक आम्ल. आपल्याला शरीरातला टाकाऊ नायट्रोजन लघवीच्या पाण्यात विरघळवून टाकावा लागतो. पाल तो जवळपास घट्ट रूपात टाकते आणि पाणी वाचवते. वाळवंटातले सरडेही हेच करतात.

पानफुटी, पळस, पाल. तिघांचं शहाणपण एकच: पाणी मिळवण्याआधी ते जपायला शिकणं. म्हणून पानफुटीला रोज पाणी घालू नका, मुळं कुजतात. कुंडीत बोट खुपसून पाहा. माती आतूनही कोरडी लागली, तरच पाणी घाला.